न्हाणीघरातली स्पॅनिश : वरच्या मजल्यावरच्या काकूंचे जाहीर आभार

आदरणीय काकू यांस,
सादर नमस्कार.

घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही नेहमीप्रमाणे ‘त्यात काय एवढे’ म्हणून विषय चहावर नेला असता, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते जाहीर लिहिण्यालाही कारण आहे. आमच्या दोन वर्षांच्या लेकीच्या तोंडून स्पॅनिश शब्द ऐकले की गंगापूर रोडवरच्या आपल्या सोसायटीत, पाळणाघरात आणि नातेवाइकांत पहिला प्रश्न येतो तो ‘कुठले ॲप लावता?’ हाच. ॲप कुठलेच नाही. पुण्यात अनेक वर्षे स्पॅनिश शिकवून निवृत्तीनंतर नाशिकला आलेल्या आणि आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू आहेत, हे उत्तर प्रत्येकाला स्वतंत्रपणे देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावे असे वाटले.

आमची गरज लहानशी होती. नणंद स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला असते, तिचे यजमान तिथलेच, आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा मराठी समजत असला तरी बोलतो ते स्पॅनिशच. डिसेंबरात तो नाशिकला येईल तेव्हा आमच्या लेकीला आपल्या आतेभावाशी दोन शब्द बोलून खेळता यावे, एवढ्यासाठी मी तुमच्याकडे आले. रंग आणि एक ते दहा आकडे यांपासून सुरुवात होईल अशी माझी कल्पना होती. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी ‘ती दिवसभरात काय काय मागते, ते मराठीत लिहून आण’ असे सांगितलेत. रंग आणि आकडे पाठ करून घेणे मोठ्यांना आवडते, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला ते सोयीचे असतात, पण दोन वर्षांच्या मुलाला भाषा लागते ती मागण्यासाठी, नाकारण्यासाठी आणि दाखवण्यासाठी, हे तुमचे म्हणणे त्या यादीवरून नजर फिरवताच पटले.

म्हणून आमच्या घरात आलेला पहिला स्पॅनिश शब्द ‘मास’ हा होता, म्हणजे आणखी. पाठोपाठ पाण्यासाठी ‘आग्वा’, दुधासाठी ‘लेचे’, चेंडूसाठी ‘पेलोता’, बुटासाठी ‘सापातो’, आणि मग ‘मिरा’, म्हणजे बघ, व ‘दामे’, म्हणजे मला दे. नामे आणि क्रियापदे मिसळून शिकवण्याचा तुमचा आग्रह मला सुरुवातीला समजला नव्हता. आता दिसते आहे की ‘पेलोता’ एकट्याने काही घडवत नाही, पण ‘दामे’ त्याला जोडले की चेंडू खरोखर हातात येतो, आणि त्या क्षणानंतर तो शब्द मुलाला पुन्हा शिकवावा लागत नाही.

तुमचा सर्वांत मोठा उपकार म्हणजे तुम्ही ती यादी देवनागरीत लिहून फ्रिजवर लावलीत. रोमन लिपीत लिहिलेले स्पॅनिश वाचताना आपली पिढी नकळत इंग्रजी उच्चार करते, ‘ओला’मध्ये (hola, म्हणजे नमस्कार) नसलेला ‘ह’ घालते आणि ‘त’च्या जागी ‘ट’ आणते. वास्तविक स्पॅनिशचा त आणि द आपल्यासारखाच दातांना जीभ लावून होतो, क-त-प यांत इंग्रजीसारखा श्वासाचा झोत नसतो, साधा र आपल्या र-सारखा असतो आणि स्वर तर पाचच, स्वच्छ, आखूड. हे सगळे मराठी कानाला अगोदरच ठाऊक असते. देवनागरी यादीमुळे माझ्या सासूबाई, ज्यांचा इंग्रजीशी फारसा संबंध आला नाही, या कामात आमच्या सर्वांच्या पुढे गेल्या. कुत्र्याच्या ‘पेर्रो’मधला थरथरता र त्या इतक्या ठसक्यात म्हणतात की खुद्द नणंदेने फोनवर त्यांना दाद दिली.

बुटाच्या शब्दाविषयी मी तुम्हाला बरेच छळले, तेही आठवते. स्पेनच्या बहुतेक भागांत त्यातला पहिला ध्वनी जीभ दातांमध्ये आणून काढतात आणि लॅटिन अमेरिकेत सरळ ‘स’ म्हणतात. मग व्हॅलेन्सियाच्या भावासाठी कोणता शिकवायचा? आपला ‘थ’ तिथे चालत नाही, कारण तो श्वास अडवून सोडण्याचा आहे, आणि उगाच चुकीचा ध्वनी घोटण्यापेक्षा सरळ ‘स’ म्हणावा, तो कुठेही समजतो, आत्याच्या तोंडून दुसरा ऐकला की मूल आपोआप बदलेल, असे तुम्ही सांगितलेत आणि आम्ही निश्चिंत झालो.

जागाही तुम्हीच ठरवून दिल्यात: सकाळचे न्हाणीघर आणि संध्याकाळची भाजी. आंघोळीच्या वेळी हात, पाय, नाक यांची नावे एकामागून एक येतात, कुणाला मुद्दाम बसवून शिकवावे लागत नाही. तिथे एक गंमत झाली. तोंडाला स्पॅनिशमध्ये ‘बोका’ म्हणतात, आणि आमच्या लेकीचा बोका जिन्यात झोपलेला असतो. तोंड धुताना तो शब्द उच्चारला की ती दाराकडे बोट दाखवून हट्ट धरायची. पावाला ‘पान’ म्हणतात, तेव्हा तिला तुळशीचे पान आठवायचे. हे दोन शब्द तुम्ही काही दिवस बाजूला ठेवायला लावलेत, आणि पुढे आरशासमोर तोंडावर बोट ठेवून पहिला व ताटात पाव आल्यावरच दुसरा आणलात. आता तिचा जिन्यातला बोका वेगळा आणि आरशातला वेगळा आहे.

भाजीबाजारात तर नाशिककरांना काही कमी नाही. द्राक्षांच्या दिवसांत ‘ऊबा’ रोज दारात येतात, लासलगावच्या कांद्याची ‘सेबोया’ बारा महिने असते, आणि पिंपळगावकडचा टोमॅटो तर ‘तोमाते’ म्हटल्यावरही ओळखू येतो. टोमॅटो हा मूळचा अमेरिका खंडातला, त्याचे नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून जगभर गेले, हे तुम्ही भाजी निवडता निवडता सांगितलेत. भाजीवाल्या मावशी तेव्हापासून लेक दिसली की ‘तोमाते देऊ का?’ असे विचारतात.

घरातल्या शंकांना तुम्ही दिलेली उत्तरे मला विशेष मोलाची वाटतात. दोन भाषांनी मूल उशिरा बोलेल आणि मराठी कच्ची राहील, अशी सासऱ्यांना धास्ती होती. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. दोन भाषा ऐकणाऱ्या मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्हींतले मिळून मोजावे लागतात, वाक्यात भाषा मिसळणे हा गोंधळ नसून मुलाने हाताशी असलेला शब्द वापरणे आहे, एवढे शांतपणे सांगून झोपतानाची गोष्ट आणि बडबडगीते मराठीतच राहतील असे त्यांच्यासमोर ठरवून घेतलेत. 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, तुम्ही फ्रिजवरची यादी स्वतः उतरवून ठेवली होतीत. त्या दिवसानंतर सासऱ्यांनी विषय काढलेला नाही.

माझ्या यजमानांचे म्हणणे होते की व्हिडिओ लावून दिले तर काम लवकर होईल. त्यांना तुम्ही सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात झालेला, 2003 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितलात: इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी भाषेत कुणी समोर बसून खेळले, तर त्या भाषेतले ध्वनी ती वेगळे ओळखू लागली, आणि तेच पडद्यावर दाखवले तर काहीच साधले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांत तर दोन वर्षांखाली पडदा नकोच आणि त्यापुढे दिवसाला एका तासाहून जास्त नको असे आहे. व्हिडिओ कॉल मात्र तुम्ही या बंधनातून वगळलात, कारण पलीकडचा माणूस उत्तर देतो. शिवाय त्याची वेळही बदलायला लावलीत. हिवाळ्यात व्हॅलेन्सिया आपल्या साडेचार तास मागे असते आणि तिथे दुपारचे जेवण दोन-अडीचच्या सुमारास होते, तेव्हा आपल्या सातच्या जेवणाला फोन लावला तर दोन्ही मुलांसमोर ताटे असतील, हा हिशेब आम्हा कुणाला सुचला नसता. आता त्यांच्या गप्पा वरण-भात आणि तिकडची बटाट्याची ‘तोर्तिया’ यांवर चालतात. गप्पा म्हणजे ‘मिरा’, ‘मास’ आणि पुष्कळ हसणे. ‘आजी, मास दूध’ हे आमच्याकडचे आजवरचे सर्वांत लांब वाक्य आहे, आणि त्याबद्दल मला संकोच नाही.

कुणी कौतुकाने ‘पुढे करिअरला उपयोग होईल’ असे म्हणते तेव्हा मला तुमचा चेहरा आठवतो. वीस देशांची राजभाषा असली तरी आपल्या घरात ती एका आतेभावासाठी आली आहे, हे तुमचे वाक्य मी बिनदिक्कत वापरते.

फीबद्दल तुम्ही बोलूच देत नाही, तेव्हा एक विनंती तरी माना. डिसेंबरात पाहुणे आले की पहिल्या रविवारी जेवायला आमच्याकडेच या. नणंदेचे यजमान तुम्हाला भेटण्यास फार उत्सुक आहेत, आणि सासूबाईंना त्यांच्याशी बोलण्यासाठी पानावर वाढतानाचे आग्रहाचे शब्द हवे आहेत. त्यांची यादी तेवढी त्याआधी देवनागरीत करून द्यावी.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली नम्र,
खालच्या मजल्यावरची सूनबाई