काळा डाग

गंगापूर रोड, नाशिक
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "चिखलाचा ज्वालामुखी म्हणजे काय रे, आणि नाशकात बसून तुला तो दिसतो कसा?" तेव्हा घाईत होतो, "पत्र लिहितो" म्हणून सुटलो. आज रविवार. मिसळ जरा जास्तच झालीय, झोप यायच्या आत लिहून काढतो.

यात लाव्हाचा काही संबंध नाही. आपला ब्रह्मगिरी, अंजनेरी हे लाव्हाचे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर चढून झालेले. चिखलाच्या ज्वालामुखीचं खानदानच वेगळं. गाळ भराभर साचत गेला की आतलं पाणी कोंडतं, खोलवर मिथेन तयार होतो, आणि दाबाखालचा तो पातळ गाळ फट मिळेल तिथून वर येतो. एरवी पिठलं रटरटावं तसा बुडबुडे काढत बसतो, आणि तोही बहुतेक ठिकाणी गारच. भडकला मात्र की कधीकधी मिथेन पेट घेतो. अझरबैजानमध्ये असे तीनशेहून जास्त आहेत. आपल्याकडे अंदमानात बाराटांगला आहे. बलुचिस्तानात हिंगलाजच्या वाटेवर चंद्रगुप आहे, त्यात यात्रेकरू नारळ सोडतात. हिंगलाजचं नाव आजीच्या तोंडी सारखं असायचं, पण वाटेत चिखल उसळतो हे तिलाही ठाऊक नसावं.

आता बघायचं कसं? सेंटिनेल-१ नावाचा युरोपचा उपग्रह सुमारे ६९३ किलोमीटरवरून रडारच्या लहरी सोडतो आणि जमिनीवरून परत आलेल्या टिपतो. लहरीची लांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर. बारा दिवसांनी तो त्याच जागेवरून पुन्हा जातो. दोन्ही वेळच्या लहरी ताडून पाहिल्या की जमीन दोन-तीन सेंटिमीटर फुगली किंवा खचली तरी रंगीत पट्ट्या उमटतात. ढग असो, रात्र असो, रडारला फरक पडत नाही. आणि सगळा डेटा फुकट! आपल्यासारख्यांचं त्यावरच चालतं.

माझी फजिती मात्र ऐक. अझरबैजानमधल्या गोबुस्तानकडच्या एका चिखलाच्या ज्वालामुखीच्या दोन तारखा मी ताडून पाहत होतो. आजूबाजूचं वाळवंट स्वच्छ, आणि मधोमध मुखापासून खाली जिभेसारखी काळी पट्टी. तिथं दोन लहरींचा मेळच बसेना. या मेळाला आमच्यात 'कोहेरन्स' म्हणतात. तो कमी असला की माहिती खराब समजून ती जागा झाकून टाकायची, असं मी शिकलेलो. इमानदारीत झाकली. तीन आठवडे उरलेल्या स्वच्छ जमिनीवर डोकं फोडत होतो, की फुगवटा कुठे गेला? शेवटी सेंटिनेल-२ चे साधे फोटो, आधीचा आणि नंतरचा, शेजारी लावले. नंतरच्या फोटोत अगदी तिथंच गडद, ओला, ताजा चिखल. मी जे झाकलं तोच उद्रेक होता. नवा चिखल पसरला की जमिनीचा पृष्ठभागच बदलतो, मग जुन्या लहरीशी मेळ बसेल कसा? त्या पट्टीची कड आखली की चिखल कुठवर गेला ते थेट मोजता येतं. आमच्या सरांना सांगितलं तर ते नुसते हसले. तेवढं पुरलं.

समुद्रातलं प्रकरण तर आणखी गमतीचं. सप्टेंबर २०१३ मध्ये पाकिस्तानात मोठा भूकंप झाला आणि ग्वादरजवळ समुद्रातून अख्खं बेट वर आलं. लाटांनी ते कुरतडत नेलं. २०२३ च्या सुरुवातीला कॅस्पियन समुद्रात कुमानी बँकवरही बेट उगवलं आणि दीड-दोन वर्षांत जवळजवळ विरघळलं. अमेरिकेच्या लॅन्डसॅट उपग्रहांच्या चित्रांत ते आलेलंही दिसतं आणि गेलेलंही. होडीनं पोहोचेपर्यंत बेट राहील याची खात्री कोण देणार?

शंका राहू नये म्हणून तीच पद्धत घरच्या रानावर लावून पाहिली. उन्हाळ्यातल्या जोडीत अंजनेरीचा उघडा कातळ लख्ख, आणि दिंडोरीची मामांची द्राक्षबाग काळीकुट्ट. तिथं काही उसळलं नव्हतं, नुसती पानं हललेली. म्हणजे काळं दिसलं की चिखलच, असं धरलं तर पुन्हा फजिती. जुलैत श्रीहरिकोट्याहून निसार हा भारत-अमेरिकेचा रडार उपग्रह उडाला, त्याच्या एका रडारची लहर चोवीस सेंटिमीटरची आहे. ती पानांतून बऱ्यापैकी खाली जाते, त्यामुळे अंदमानच्या रानात तिचा उपयोग होईल असं मला वाटतं.

मामांची गोडी छाटणी अजून व्हायचीय. तासगावला तुझ्या बागेची झाली असेल तर नेमकी तारीख कळव आणि गट नंबरही. छाटणीच्या आधीची आणि नंतरची जोडी उतरवून ठेवतो.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
पक्या