थकबाकी यादीचा क्रम चुकतो : तातडीने दुरुस्ती करण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

आमची गृहनिर्माण संस्था हिशेबासाठी आपली ऑनलाइन प्रणाली वापरते. तिच्या थकबाकी यादीत कॉलमच्या नावावर क्लिक केले की बाण उमटतो, ओळी हलतात, पण क्रम चुकीचा लागतो.

फ्लॅट क्रमांकावर चढता क्रम लावला तर 1001, 1002, 101, 102, 201 असा येतो. थकबाकी उतरत्या क्रमाने लावली तर 950 रुपयांचा सभासद 12,400 च्या वर बसतो, कारण 9 हा अंक 1 पेक्षा मोठा. म्हणजे आकडे आपल्याकडे मजकूर म्हणून साठवले आहेत आणि तुलना डावीकडून एकेका अक्षराची होते. तारखांचेही तेच : 02/01/2025 ही 05/04/2024 च्या आधी येते. रकमेचा कॉलम संख्या म्हणून आणि तारखेचा कॉलम तारीख म्हणूनच साठवायला हवा. दिसताना स्वल्पविराम घाला, साठवताना नको.

सर्वांत गंभीर दोष पानांचा आहे. एका पानावर 50 ओळी येतात. थकबाकी शून्य असलेले सभासद बरेच आहेत. त्यांतला एखादा पहिल्या पानावरही दिसतो आणि दुसऱ्यावरही, तर दुसरा कुणी यादीतूनच गायब होतो. समान किमतीच्या ओळींचा आपापसातला क्रम डेटाबेस स्वतःहून पाळत नाही. प्रत्येक पानाची मागणी वेगळी जाते आणि क्रम बदलू शकतो. त्यामुळे क्रमाच्या शेवटी सभासद क्रमांकासारखा, प्रत्येक ओळीत वेगळाच असणारा कॉलम जोडणे अत्यावश्यक आहे.

आम्हाला आधी विंग आणि विंगमध्ये थकबाकी उतरती, अशी यादी लागते. आपल्याकडे एकाच कॉलमचा क्रम लावता येतो. दुसऱ्यावर क्लिक केले की पहिला पुसला जातो. एक्सेलमध्ये उतरवून ‘सॉर्ट’मध्ये दोन पातळ्या लावाव्यात म्हटले, तर आपल्या फाइलमध्ये विंगच्या नावाचे सेल मर्ज केलेले (एकत्र जोडलेले) असल्याने एक्सेल क्रम लावायलाच नकार देते. मर्ज काढून लावले की एकूण बेरजेची ओळही सभासदांच्या ओळींत मिसळते. विंगचे नाव प्रत्येक ओळीत द्या आणि बेरीज एक रिकामी ओळ सोडून खाली ठेवा.

नावांचा क्रमही मराठी नाही. ‘काळे’ हे ‘कावळे’ आणि ‘कासार’ यांच्या आधी येते. युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षर-संकेतांच्या यादीत) ळ हे अक्षर ल च्या लगेच नंतर आहे, आपल्या वर्णमालेत मात्र ते ह नंतर येते. मराठीसाठीचे तुलनेचे नियम लावले की हे सुधारते. सहकारी संस्थेची ‘जे’ नमुन्यातील (फॉर्म J) सभासद यादीही आम्ही याच प्रणालीतून छापतो, म्हणून हा क्रम बरोबर हवा.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि थकबाकी यादी सभेपुढे ठेवायची आहे. पानांचा आणि आकड्यांचा दोष 15 दिवसांत दुरुस्त करावा आणि उरलेल्या दोषांसाठी तारीख लेखी कळवावी. तोपर्यंत यादी एकाच पानावर पूर्ण दिसण्याची सोय द्यावी. चुकीच्या क्रमाच्या पडदाचित्रांच्या (स्क्रीनशॉटच्या) प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला विश्वासू,
सचिव, गृहनिर्माण संस्था