लाकडी कोर्ट उखडण्यापूर्वी फळी मोजा

माननीय संपादक महोदय,

आमच्या भागातील एका क्रीडा सभागृहाचे बॅडमिंटनचे लाकडी कोर्ट झिजल्यामुळे ते पूर्ण उखडून नवे बसवण्याची चर्चा सध्या सुरू आहे. या कोर्टवर मी वीस-बावीस वर्षे खेळलो आणि उमेदीचा काळ लाकडाच्या वखारीत काढला, म्हणून निविदा निघण्याआधी हे पत्र लिहीत आहे.

कोर्टची चकाकी गेली, रेघा पुसट झाल्या आणि बूट घसरू लागले, म्हणजे लाकूड संपले असे नव्हे. बहुतेक वेळा संपलेले असते ते वरचे पॉलियुरेथेनचे पॉलिश. खेळाच्या कोर्टसाठी वापरली जाणारी मेपलची अखंड फळी साधारण २० मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्या कडेची पुढे आलेली पट्टी, म्हणजे जीभ, शेजारच्या फळीच्या खाचेत बसवलेली असते. जिभेच्या वरचे सुमारे ६ मिलिमीटर लाकूड एवढीच खरी पुंजी. यंत्राने एकदा पूर्ण घासाई केली की त्यातले जेमतेम पाऊण ते एक मिलिमीटर जाते, म्हणजे असे कोर्ट अनेकदा घासून पुन्हा नवे करता येते. प्लायवर पातळ थर चिकटवलेली फळी असेल तर मात्र एक-दोन घासाईंतच हिशेब संपतो. आमच्याकडे नेमकी कोणती फळी आहे आणि तिच्यात किती लाकूड उरले आहे, हे दारातली धातूची पट्टी काढून फळीची कड पाहिली तर पाच मिनिटांत कळेल. ती पट्टी अजून कोणी काढलेली नाही.

खरे दुखणे दक्षिणेच्या कोपऱ्यात आहे. तिथे छपराची पन्हळ गळते आणि जुलैत अनवाणी चालले तर प्रत्येक फळीची कड बोटांना लागते, कारण ओल पिऊन फळ्या वाटीसारख्या खोलगट होतात. उन्हाळ्यापर्यंत त्या बऱ्याच अंशी बसतात. त्यातच मागे रंगकामाच्या वेळी भिंतीलगतची फट, जी फळ्यांना फुगायला जागा म्हणून मुद्दाम सोडलेली असते, कोणीतरी सिमेंटने लिंपून टाकली. अशा फुगलेल्या अवस्थेत घासाई केली तर वर आलेल्या कडा तासल्या जातात आणि लाकूड वाळल्यावर प्रत्येक फळीचा मध्य उंच राहतो. त्यामुळे घासाई करायचीच तर पन्हळ दुरुस्त करून, मॉइश्चर मीटरने ओल तपासून, फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी.

नेटजवळ दोन ठिकाणी टाच आपटली की बद्द आवाज येतो. तिथल्या रिपा, म्हणजे फळ्यांखालच्या आधाराच्या लाकडी पट्ट्या, सैल झाल्या असाव्यात. दहा-बारा फळ्या उघडून रिपा बसवणे हे दोन-चार दिवसांचे काम आहे. नव्या फळ्यांचा रंग जुन्यांशी जुळणार नाही, पण शटलला त्याचे काय! कुस्तीच्या हौद्याचा एक कोपरा टणक झाला म्हणून आपल्या तालमींत कोणी सगळी माती फेकून देत नाही. ती उकरतात आणि ताक, तेल, हळद घालून पुन्हा मऊ करतात.

तरीही मी दुरुस्तीचा हट्ट धरणारा नाही. खालच्या रिपा वाळवीने पोखरल्या असतील, लाकूड कुजले असेल किंवा घासाई जिभेपर्यंत पोचली असेल तर नवे कोर्टच घालावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या तळमजल्यांत दिवसेंदिवस पाणी साचले, तिथल्या फळ्या वाचवा असेही मी म्हणणार नाही. जुन्या लाकडावर नुसते सिंथेटिक मॅट अंथरण्याची सूचना मात्र मला मुळीच पटत नाही, कारण ओल मॅटखाली कोंडून राहते आणि सैल रिपा सैलच राहतात.

संबंधितांना विनंती एवढीच, की खेळाडूंच्या समक्ष दोन-तीन ठिकाणी कोर्ट उघडून जाडी, ओल आणि रिपांची स्थिती लेखी नोंदवावी आणि ती नोंद निविदेसोबत सूचना फलकावर लावावी. पन्हळीचे काम मात्र त्यासाठी थांबवू नये, कारण ती तशीच राहिली तर नव्या फळ्याही पुढच्या जुलैत त्याच कोपऱ्यात फुगतील.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ बॅडमिंटनपटू, कोल्हापूर