कंदील पेटवून देणाऱ्या काकांचे आभार

जर्मनीत कोलोनजवळ राहायला आल्यापासून लेकीच्या शाळेतली ही पहिलीच सेंट मार्टिनची मिरवणूक. 11 नोव्हेंबरच्या आसपास संध्याकाळी मुलं स्वतः बनवलेले कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत निघतात. पुढे घोड्यावर लाल झग्यातला मार्टिन, थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून देणारा संत.

निघायच्या वेळीच पावसाची जोरदार सर आली. कंदिलाचा कागद फाटला, तार निखळली, काठीचा दिवा विझला. लेक हुंदके देऊन रडायला लागली. माझं जर्मन अजून जेमतेम, कोणाला काय सांगणार?

तेवढ्यात शेकोटीवर लक्ष ठेवायला आलेले गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचे एक काका पुढे आले. तिच्यासमोर सरळ चिखलात गुडघे टेकले. हातमोजे काढले आणि त्या थंडीत, अगदी सावकाश, फाटलेली बाजू आतून चिकटपट्टीने जोडली. तार वाकवून पुन्हा अडकवली. दिवा काही पेटेना, तेव्हा गाडीतून स्वतःची छोटी बॅटरी आणून कंदिलात बसवली. बटण मात्र तिलाच दाबायला लावलं! एवढा विचार कोण करतं?

शेजारच्या आजींनी आपला वेकमान, म्हणजे मनुकांचे डोळे असलेला माणसाच्या आकाराचा गोड पाव, मोडून अर्धा तिला दिला. त्यांचेही मनापासून आभार.

काका, गर्दीत तुम्ही दिसेनासे झालात. लेक शेवटपर्यंत मैत्रिणींबरोबर गात चालली, ते तुमच्यामुळे. तुमची बॅटरी शाळेत बाईंकडे दिली आहे, सोबत लेकीने काढलेलं चित्रही आहे. नक्की घेऊन जा.