लेक डिस्ट्रिक्ट सहल : निघण्याआधी एवढं वाचा

सभासदहो, शनिवारी सकाळी 6 वाजता बस सुटेल. केझिक गावाहून लाँचने डर्वेंटवॉटर तळं ओलांडून हॉज एंडच्या धक्क्यावर उतरायचं आणि कॅटबेल्स डोंगर चढायचा.

उंची 451 मीटरच. पण माथ्याजवळ हातांनी खडक धरून चढावं लागतं आणि ओला खडक फार निसरडा असतो. त्यामुळे पकडीचे बूट हवेतच. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. पलीकडच्या बॉरोडेल खोऱ्यातलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वाधिक पावसाचं वस्तीचं ठिकाण आहे, तेव्हा सकाळचं ऊन बघून रेनकोट घरी ठेवू नका. आजी-आजोबांनी खुशाल काठाकाठाने फिरावं, तिथूनही डोळे निवतात.

तळ्याचं पाणी उन्हाळ्यातही अंग आखडेल इतकं गार असतं. मुलांना एकटं उतरू देऊ नका. विषारी शेवाळाचा इशारा देणारी पाटी दिसली तर कोणीच पाण्यात जाऊ नये.

अपघात झाल्यास 999 लावा, आधी पोलिस आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ मागा. ही माणसं स्वयंसेवक आहेत, आपल्या हलगर्जीपणापायी त्यांना डोंगरात धावायला लावू नये, ही कळकळीची विनंती.

मेंढ्यांची कुरणं लागतील, फाटक उघडलंत की लावून घ्या. दशम्या-चटणी ज्याची त्याने आणावी, चहा आपल्याकडे आहे.