न मागितलेला सल्ला कधी द्यावा?

महोदय,

अनोळखी माणसाला डॉक्टरने आपणहून सल्ला द्यावा का? वजन, सिगारेट, चेहऱ्यावरचे मुरूम यांबद्दल मुळीच नाही. ते त्या माणसाला आधीच ठाऊक असते. आपण बोलून फक्त मन दुखावतो.

पण जे त्याला स्वतःला दिसत नाही आणि उशीर झाला तर जिवावर बेतू शकते, ते सांगायलाच हवे. मानेमागचा तीळ घ्या. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, कडा वेड्यावाकड्या, एकाच तिळात काळा, तपकिरी, लालसर असे रंग, आकार ६ मिलिमीटरहून मोठा, तर गप्प बसू नये. अर्थात लांबून पाहून निदान होत नाही. असे बरेच तीळ निरुपद्रवी निघतात आणि मेलानोमा (त्वचेचा घातक कॅन्सर) ६ मिलिमीटरहून लहानही असू शकतो. म्हणून ‘कॅन्सर’ हा शब्द तोंडातून काढू नये. चारचौघांत नव्हे, जरा बाजूला घेऊन म्हणावे: ‘मी त्वचेचा डॉक्टर आहे. तुमच्या मानेमागे एक तीळ आहे, तो कधी दाखवलाय का? वाढला असेल, रंग बदलला असेल तर लवकर तपासून घ्या.’ बस्स. फोटो काढायचाच तर त्यांच्या फोनवर, त्यांनी सांगितले तरच. आपले कार्ड पुढे करू नये, सल्ल्याला धंद्याचा वास येतो. ‘नको’ म्हटले की विषय संपला.

तोंड एकाएकी वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो; तिथे मात्र संकोच नको. लक्षणे सुरू झाल्याची वेळ टिपून लगेच रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

– एक त्वचारोगतज्ज्ञ