खोडरबर घरीच राहू द्या

संपादक महोदय,

उघड्यावर बसून भरभर केलेल्या रेखाटनाला अनेकजण ‘पक्क्या’ चित्राची कच्ची पायरी समजतात. मला मात्र तो स्वतंत्र आनंद वाटतो. झाडाखालची सावली बघता बघता सरकते, बाकावरचा माणूस अर्धा रेखाटून होतो न होतो तोच उठून चालू लागतो, आणि या घाईमुळेच हात तपशील मोजण्याचे सोडून आकार, उजेड आणि झुकाव एवढेच पकडू लागतो. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड यांनी रंगाच्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले आणि तैलरंग घराबाहेर नेणे सोपे झाले, हे खरे. पण पेन्सिल आणि खिशात मावणारी वही असणाऱ्याला तेवढ्याही सामानाची गरज नाही. (खोडरबर मी मुद्दामच घरी ठेवतो.) चुकलेली रेषा न पुसता तिच्याशेजारी दुसरी ओढली, तर दोन्ही मिळून हालचालीचा भास देतात, आणि अशी पाने पुढे कधी चाळताना त्या दिवशीचे ऊन मला छायाचित्रापेक्षा अधिक स्पष्ट आठवते. आपल्या रविवार पुरवणीत वाचकांच्या अशा अपुऱ्या, वेड्यावाकड्या रेखाटनांना एखादा कोपरा मिळावा, ही विनंती.

– एक वाचक